फॉरमॅट मारण्याआधी

“काका, लॅपटॉप गेला.”

रविवारी सकाळी साडेसातला शेजारच्या मुलाचा फोन. विंडोज अकरा टाकत होता. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप सगळा वायरीच्या जिवावर, आणि नेमकी साठ टक्क्यांवर लाईट गेली. चौकातल्या दुकानदाराने फोनवरच निदान केलं : विंडोज अर्धवट राहिलंय, आता फॉरमॅट मारावा लागेल.

“चालू होतोय का?” मी विचारलं.

“होतोय की.”

“मग दिसतंय काय?”

“पहिलं होतं तेच. विंडोज दहा. फक्त सी ड्राइव्ह लाल झालाय.”

म्हणजे लॅपटॉप सुरू होतो, जुनं विंडोज जागच्या जागी आहे, आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो उघडतात. तरी तो ‘गेला’. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्यामुळे ज्याने त्याने अकराकडे धाव घेतली, आणि तेव्हापासून हाच संवाद मी इतक्यांदा केलाय की मोजणं सोडून दिलंय. नावं बदलतात, टक्केवारी बदलते, दुकानदाराचं वाक्य तेवढं बदलत नाही.

तर तो गैरसमज असा : इन्स्टॉलेशन मध्येच तुटलं की मशीनमध्ये ‘अर्धं जुनं, अर्धं नवं’ असं कडबोळं होतं, आणि ते फक्त फॉरमॅटनेच निघतं.

विंडोज ९८ च्या काळात हे म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तेव्हा नव्या फाइली जुन्यांच्या डोक्यावर जाऊन बसायच्या, मध्येच वीज गेली तर कोणती जुनी आणि कोणती नवी हे शोधण्यापेक्षा सगळं पुसून सीडी लावणं सोपं पडायचं. दुकानदारांची एक पिढी त्यावर शिकली. पण २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि पद्धतच बदलली. आता नवं विंडोज अख्खं एका गठ्ठ्यात येतं आणि जुन्याला धक्का न लावता शेजारी उलगडलं जातं. बदली होते ती शेवटी. निदान मात्र अजून ९८ सालचंच चाललंय.

मायक्रोसॉफ्टने सिस्टिम ॲडमिनसाठी लिहिलेल्या कागदपत्रांत अपग्रेडचे चार टप्पे दिले आहेत. पहिला टप्पा जुनं विंडोज चालू असतानाच होतो : फाइली उतरवणं, मशीन तपासणं, सामान मांडून ठेवणं. या टप्प्यात तुमच्या चालू विंडोजला हात लागत नाही. दुसऱ्यात मशीन एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये सुरू होतं आणि खरी मांडणी तिथून होते. तिसरा आणि चौथा म्हणजे नव्या विंडोजची पहिली आणि दुसरी सुरुवात. दुसऱ्यापासून पुढे कुठेही अडलं तर सेटअप एक तर राहिलेलं काम पुढे नेतो, नाहीतर उलट पावली जुनं विंडोज परत जागेवर आणतो. जुनी आवृत्ती परत आणत आहोत असं पडद्यावर लिहिलेलंही असतं. ते वाचून घाबरून पॉवर बटण दाबणारे महाभाग मला माहीत आहेत. त्यांना एकच सांगणं : त्या वेळी हात बांधून बसा.

मग सी ड्राइव्ह लाल का होतो? घराची दुरुस्ती काढली, अंगणात वाळू-विटा येऊन पडल्या आणि ठेकेदार मध्येच निघून गेला, असं समजा. घर जुनंच आहे, राहण्यासारखं आहे, फक्त अंगणात चालायला जागा नाही. वाळू उचलायची सोडून कुणी घर पाडतं का? फॉरमॅट म्हणजे घर पाडणं.

ही वाळू पडते एका लपवलेल्या फोल्डरमध्ये. नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग ‘विंडोज’, टिंब, एक नागमोडी रेघ आणि शेवटी ‘बीटी’. (आमच्याकडे बीटी म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, पण ते असो.) मीडिया क्रिएशन टूल वापरलं असेल तर याचंच ‘डब्ल्यूएस’ नावाचं भावंडही सापडतं. विंडोज अकराची साधी आयएसओ फाइलच पाच जीबीच्या वर जाते. ती उलगडल्यावर १२८ जीबीच्या एसएसडीवर जागा राहणार तरी किती?

काढायची कशी, तर विंडोजच्याच हाताने. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादीत ‘टेम्पररी विंडोज इन्स्टॉलेशन फाइल्स’ दिसेल, त्यावर खूण करून काढून टाका. जुनं डिस्क क्लीनअप वापरणाऱ्यांनी आधी ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हे बटण दाबायचं, नाहीतर ही ओळ दिसतच नाही आणि मग “तिथे काहीच नाहीये” असा फोन येतो. सेटिंग्जच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेसुद्धा असतं. ते तुमचं स्वतःचं फोल्डर आहे, सेटअपचा कचरा नाही. सरसकट सगळ्यांवर खुणा करून मोकळे झालात, तर तिथे ठेवलेला सातबारा आणि विम्याची पावती दोन्ही गेली. बीटी फोल्डर काढल्याने पुढचं अपग्रेड अडत नाही, फाइली पुन्हा उतरवाव्या लागतात एवढंच.

पण काढण्याची घाई नको, कारण काम का अडलं याची नोंद त्याच फोल्डरमध्ये असते. सेटअपचा लॉग तिथे राहतो. तो वाचणं कंटाळवाणं आहे, म्हणून मायक्रोसॉफ्टचंच सेटअपडायग नावाचं मोफत साधन आहे, ते लॉग चाळून कारण सांगतं. नुसत्या एरर कोडवरूनही बरंच कळतं. झिरो-एक्स ८००७००७० दिसला तर शेवटचे ७० हे षोडशमान पद्धतीतले आहेत. दशमानात ११२, आणि विंडोजच्या यादीत ११२ म्हणजे डिस्क भरली. जागा करा आणि पुन्हा चालवा, इतकं साधं. झिरो-एक्स-सी १९००१०१ ने सुरू होणारा कोड बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो आणि त्याच्यामागे आणखी एक कोड जोडलेला असतो, उदाहरणार्थ झिरो-एक्स २००१७. यातला एक्सनंतरचा पहिला आकडा म्हणजे टप्पा : १ असेल तर जुनं विंडोज चालू असतानाच अडलं, २ म्हणजे छोट्या विंडोजमध्ये, ३ आणि ४ म्हणजे नव्याच्या पहिल्या-दुसऱ्या सुरुवातीला. कोडमध्ये इतकी माहिती असते, आणि दुकानात तो वाचलाही जात नाही. मला राग येतो तो याचा.

कधी कधी सुरू होताना मशीन विचारतं, कोणतं विंडोज उघडू? यादीत ‘विंडोज सेटअप’ किंवा ‘विंडोज रोलबॅक’ अशी उपरी नावं दिसतात. त्यानेही लोकांची गाळण उडते. जुनं विंडोज निवडून आत जा, एमएसकॉन्फिग उघडा, बूट या भागात ती उपरी ओळ निवडून डिलीट करा. तुमच्या चालू विंडोजसमोर ‘करंट ओएस’ असं लिहिलेलं असतं, त्या ओळीला हात लावू नका.

मशीन खरोखरच सुरू होत नाही, असं कधीच होत नाही का? होतं. बदलीच्या नेमक्या क्षणी वीज गेली आणि परतीचा प्रवासही फसला तर होतं. पण तेव्हाही रांगेत आधी स्टार्टअप रिपेअर. ते जमलं नाही तर दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून फोटो बाहेर काढणं. फॉरमॅट सगळ्यांत शेवटी, आणि मालकाला विचारून. “फॉरमॅट मारला तरी रिकव्हरीने सगळं परत आणता येतं” हे सांत्वनही आता टाकून द्या. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतर बरंच परत मिळायचं, कारण तिथे फक्त अनुक्रमणिका पुसली जायची. एसएसडीवर फॉरमॅट होताच विंडोज ट्रिम नावाची सूचना पाठवतं, जागा मोकळी झाली म्हणून. एसएसडी मग तो मजकूर खरोखर साफ करते. तिथून काही परत मिळालं तर नशीब.

दुसरा गैरसमज याच्या बरोबर उलटा आहे आणि तोही महाग पडतो : ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर म्हणजे कचरा. घाबरून कुणी पेन ड्राइव्हवरून त्याच सी ड्राइव्हवर, फॉरमॅट न करता, नवीन विंडोज टाकलं, तर सेटअप जुनं सगळं याच फोल्डरमध्ये सरकवून ठेवतो. आतल्या ‘यूजर्स’मध्ये तुमचं डेस्कटॉप, कागदपत्रं, फोटो सगळं असतं. लोक नव्या विंडोजचा कोरा पडदा पाहून रडतात, आणि मग जागा करायला हेच फोल्डर उडवतात! आधी उघडून पाहा, हवं ते बाहेर काढा, मग उडवा. नीट पार पडलेल्या अपग्रेडनंतरही हे फोल्डर बनतं. जुन्या आवृत्तीवर परतायची सोय त्यातच असते, आणि साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकतं. मुदत आदेश देऊन साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते दहा दिवस उलटण्याआधी.

बाकीचे किरकोळ.

शिफ्ट-डिलीटने ही फोल्डरं उडवावीत, असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांची मालकी बहुधा सिस्टिमकडे किंवा ट्रस्टेडइन्स्टॉलरकडे असते म्हणून परवानगी नाकारली जाते, आणि मग व्हिडिओवाला मालकी ओढून घेणारे आदेश लिहायला लावतो. त्यात फोल्डरचं नाव राहून नुसतं सी ड्राइव्ह पडलं, तर अख्ख्या विंडोजच्या परवानग्या विस्कटतात.

‘विनएसएक्सएस’ हे फोल्डर फुगलेलं दिसतं, पण ते अर्धवट इन्स्टॉलेशनचं उरलंसुरलं नव्हे. त्यातल्या बऱ्याच फाइली इतरत्र दिसणाऱ्या फाइलींचीच दुसरी नावं असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. हाताने काढलंत तर मात्र फॉरमॅटची वेळ खरोखर येईल.

रजिस्ट्री साफ करणारी ॲप्स अडलेलं अपग्रेड सोडवत नाहीत. अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्वतंत्र धोरण म्हणून लिहून ठेवलं आहे.

सात-एक जीबी ‘रिझर्व्ह्ड स्टोरेज’ दिसतं, तेही उरलेलं सामान नाही. २०१९ पासून विंडोज पुढच्या अपडेटसाठी ती जागा राखून ठेवतं.

लिनक्सवाल्यांसाठी एक ओळ : उबंटूचं इन्स्टॉलेशन मध्येच सोडलंत तर त्याचं पार्टिशन खुशाल काढा, पण शंभर-दोनशे एमबीचं ईएफआय पार्टिशन ‘हे कसलं’ म्हणून काढू नका. विंडोजची सुरुवातही तिथूनच होते.

शेजारच्या मुलाचा लॅपटॉप पाहिला. बीटी फोल्डर होतं, बूटच्या यादीत एक उपरी ओळ होती. लॉगप्रमाणे काम पहिल्याच टप्प्यात थांबलेलं. फोटो पेन ड्राइव्हवर काढले, फोल्डर साफ केलं, ती ओळ पुसली. पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं चहात गेली. नवी बॅटरी आल्याशिवाय पुन्हा अपग्रेडला हात लावायचा नाही, असं त्याला बजावलंय.

तुमचं अडलं तर मला जरूर विचारा. फक्त त्या पडद्यावरचा एरर कोड फोनने टिपून ठेवा. “काहीतरी आकडे होते” यावरून मलाही काही सांगता येत नाही.