हौसेचे सूर (११) : बासरी थांबेल, आधी बुलबुल

बासरीचं वरचं सप्तक आज घ्यायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. ज्यांचा खालचा सा अजून फुसफुसतोय, त्यांना तेवढीच सवड. निमित्त एका वाचक ताईंच्या पत्राचं. माळा आवरताना त्यांना वडिलांचा बुलबुल तरंग सापडला. पन्नाशी उलटल्यावर तो वाजवावासा वाटला, तर तबला शिकणाऱ्या भाच्यानं निकाल देऊन टाकला, ‘मावशी, ते खेळणं आहे, वाद्य नाही.’ ताई विचारतात, हे खरं का? आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे हाच का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. हो, हाच. लालबाग-गिरगावात, कोकणातल्या हळदी-वरातींत बेंजो पार्टी म्हणून जे काही रस्ता दणाणून सोडतं, त्याच्या मधोमध स्टँडवर ठेवलेली लांबट पेटी म्हणजे पिकअप बसवलेला बुलबुल. चामडं मढवलेल्या अमेरिकन बँजोशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. रवी जाधवांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा केला तो याच वाजवणाऱ्या पोरांवर.

आता भाच्याचं. बुलबुल मूळचा जपानी. नागोया शहरातल्या मोरिता गोरो या वादकानं तो १९१२ मध्ये बनवला. हे गृहस्थ युरोप-अमेरिकेत फिरून आले होते आणि तिथे पाहिलेला टाइपरायटर त्यांच्या डोक्यात बसला होता. जपानात दोन तारांचं एक जुनं वाद्य होतं. त्याला त्यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्याच साली तैशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. हेतू साधा होता : ज्यानं आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नाही, त्यालाही घरबसल्या गाणं वाजवता यावं. म्हणजे प्रौढ नवशिक्यांची वाद्यं आपण या लेखमालेत शोधत फिरतोय, आणि इथे एकानं मुद्दाम तसंच बनवून ठेवलंय! जपानात आजही निवृत्त मंडळी त्याचे गट करून वाजवतात. त्यासाठी उंच सुरांपासून खर्जापर्यंतची वेगवेगळ्या आकारांची वाद्यं मिळतात. बलुचिस्तानात तेच वाद्य मोठं होऊन बेंजू झालं आणि तिथल्या लोकसंगीतात मानानं बसलं. खेळणं एवढा प्रवास करत नाही, असं भाच्याला सांगा. (तबल्याची मुलं पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांनाच असं बोलतात. मनावर घेऊ नका.)

आत काय आहे ते झाकण काढून बघाच. सुराच्या तारा पडद्यांवरून गेलेल्या असतात. कळ दाबली की तिच्या खालचा धातूचा तुकडा तार दाबतो आणि तिथून पुढे तार आखूड होते. गिटारीवर बोट करतं तेच काम, फक्त बोटाला काप पडत नाहीत आणि जागा चुकत नाही. तारेवर सूर शोधण्यात नवशिक्याचे जे महिने जातात, ते इथे वाचतात.

माळ्यावरचा असो की दुकानातला, एक परीक्षा आधी करा. मोकळी तार छेडा. मग कळांच्या दोन्ही रांगा धरून, एकेक अर्धा सूर चढत बारावी कळ दाबा आणि पुन्हा छेडा. तोच सूर एक सप्तक वर यायला हवा, कारण त्या कळेखाली तारेचा बरोबर मध्य असतो. सूर चढा किंवा उतरा आला तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सरकलेली आहे. ती चिकटवलेली नसेल तर तारा सैल करून केसभर मागे-पुढे करता येते : सूर चढा असेल तर त्या टोकाला तार थोडी लांबवायची, उतरा असेल तर आखडायची. हे न करता लोक तारा पिळत बसतात आणि खाली जमलं की वर बिघडतं. गंजलेल्या तारा मात्र आधी बदला. त्यांच्यावर कुठलीच घोडी जमत नाही. तार चढवताना चेहरा लांब ठेवा.

सा कुठे धरायचा? मी सांगेन, मोकळ्या तारेपासून पाचवी कळ, पुन्हा दोन्ही रांगा मोजून. म्हणजे मोकळी तार खालचा पंचम होते. आपली बरीच गाणी सा च्या खाली दोन-तीन सूर उतरतात; पहिल्याच कळेवर सा धरणाऱ्यांचं गाणं तिथे पोचलं की वाद्यच संपतं. तारा जुळवायला मोबाइलवरचा ट्यूनर चालेल, पण दोन तारा एका सुरात आणताना कानानेच आणा. फरक थोडा असला की आवाज लाटांसारखा हेलकावतो. हेलकावे मंदावत जाऊन थांबले की जुळल्या. ही करमणूक मला वाजवण्याइतकीच आवडते.

वाजवायला भूप घ्या. सा रे ग प ध, पाचच कळा. डाव्या हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका एवढी बोटं पुरतात. एका बोटानं टोचत जायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून टाळा, ती पुढे सुटत नाही. एक कळ सोडायची ती दुसरी दाबता दाबता. आधी सोडली तर मध्ये मोकळी तार ओरडते, आणि बुलबुल ‘टिणटिण’ वाटतो तो बहुतेक यामुळेच. कळ घट्ट दाबा, पण जीव काढू नका. जास्त जोर दिला की तार ताणली जाऊन सूर चढतो.

खरं काम उजव्या हाताला आहे. छेडलेला सूर लगेच विरतो, म्हणून लांब सुरावर पत्ती (तार छेडायचा चपटा तुकडा) वर-खाली भरभर फिरवत राहावी लागते. पुढच्या विसर्जनाला गर्दीत जागा मिळाली तर बेंजोवाल्याच्या डाव्या हाताकडे बघूच नका. त्याचं मनगट बघा : पंजा सैल, कोपर जवळपास स्थिर, आणि पत्तीचं जेमतेम टोक तारेला लागतंय. यातले कितीतरी जण कुठल्या क्लासला गेलेले नसतात. गल्लीतल्या थोरल्याचं बघून शिकलेले असतात. घरी अर्धी पत्ती तारेत खुपसून खसाखस ओढणाऱ्यांनी एवढं पाहिलं तरी निम्मा आवाज सुधारेल. रोज थोडा वेळ एकाच सुरावर, कळा न बदलता, फक्त हा हात फिरवा. शेजारी वैतागतील. ढोलकीचा ठेका लावून वाजवलंत तर कमी वैतागतील.

ताईंचा शेवटचा प्रश्न पत्राच्या समासात होता : यातून मींड निघेल का? नाही. दाबलेल्या कळेवर आणखी भार देऊन सूर किंचित हलवता येतो, बस. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला तारेवर स्वतःचं बोट लागतं, आणि मोरितांनी नेमकं तेच काढून घेतलं. मींडेचीच ओढ लागली असेल तर बुलबुल भाच्याला द्या आणि सतारीचा मास्तर शोधा. पण मग या लेखमालेच्या बाहेर गेलात.