केबलच्या रिमोटवरून दूरचित्रवाणी संच

महाराष्ट्रात केबल प्रसारणाच्या अंकीकरणास २०१२ साली मुंबईपासून प्रारंभ झाला. त्यातून सेट-टॉप बॉक्स खेडोपाडी पोहोचला आणि त्याच्यासोबत दुसरा रिमोटही. संचाचा मूळ रिमोट हरवला म्हणून शाळेतील सुस्थितीतील संच बंद पडून राहावा, हे खेदजनक होय. कारण केबलचालकाने दिलेल्या अनेक रिमोटांवर संचासाठी काही कळा राखून ठेवलेल्या असतात.

रिमोट अदृश्य अवरक्त किरणांची उघडझाप करून आज्ञा देतो. ही उघडझाप कंपनीगणिक निराळी असते. ती केबलच्या रिमोटला शिकवावी लागते. दोन्ही रिमोट समोरासमोर, दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवावेत. केबलच्या रिमोटवरील सेटअपची कळ दिवा लागेपर्यंत दाबून धरावी, मग शिकवावयाची कळ आणि लगेच मूळ रिमोटवरील तीच कळ दाबावी. दिवा लुकलुकला की आज्ञा नोंदली गेली. कळांचा नेमका क्रम पुस्तिकेत पाहावा. ब्लूटूथच्या आज्ञा मात्र अशा शिकविता येत नाहीत.

यासाठी मूळ रिमोट चालू स्थितीत हवा. म्हणून संच बसविला त्याच दिवशी हे काम उरकावे. तो आधीच हरवला असल्यास त्याच कंपनीच्या संचाचा रिमोट शेजाऱ्यांकडून घटकाभर मागून आणावा. बहुधा तेवढ्याने भागते.