समुदाय आरोग्य अधिकारी

आरोग्य उपकेंद्रात रुग्णतपासणी, नेमून दिलेल्या मर्यादेत औषधोपचार आणि दीर्घकालीन रोगांचा पाठपुरावा करणारा प्रशिक्षित अधिकारी. आयुष्मान भारत योजनेने (२०१८) हे पद देशभर रूढ केले. महाराष्ट्रात मुख्यत्वे आयुर्वेद व परिचर्या या शाखांच्या पदवीधरांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन त्यावर नेमतात.

पार्श्वभूमी : परिचारिकेस रोगनिदान व उपचारांचे वाढीव शिक्षण देणारा पहिला अभ्यासक्रम अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात अर्भकांवर घरीच उपचार करविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला.

कार्य : सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या अतिवृष्टीच्या तालुक्यांत वस्त्या विखुरलेल्या आहेत. पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात २०१९ व २०२१ च्या महापुरांत गावांचा संपर्क तुटला. अशा ठिकाणी रक्तदाबाच्या गोळ्या गावाजवळ मिळणे याला विशेष महत्त्व येते. आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींची प्राथमिक माहिती नोंदविते, अधिकारी रक्तदाब व रक्तशर्करा तपासतो. निदान निश्चित करून उपचार ठरविण्याचे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे असते. पुढील औषधवाटप व देखरेख उपकेंद्रात होते. गुंतागुंतीचा रुग्ण ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात आणि आवश्यक तर कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठविला जातो.

अधिकार व मर्यादा : राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ याच्या कलम ३२ मध्ये मध्यम स्तरावरील सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. त्यांस प्राथमिक व प्रतिबंधक सेवेतच विनिर्दिष्ट औषधे स्वतंत्रपणे देता येतात. एरवी डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते. अर्धवट शिक्षितांच्या हाती रुग्ण जातील, असा आक्षेप घेऊन भारतीय वैद्यक संघटनेने या कलमाला विरोध केला. मात्र डॉक्टर न पोहोचणाऱ्या गावात परवानाधारक सेवकही नसल्यास रुग्ण अप्रशिक्षित उपचारकाकडे वळतो किंवा उपचाराविना राहतो. म्हणून स्पष्ट मर्यादा, अखंड औषधपुरवठा व वरच्या रुग्णालयाशी निश्चित दुवा या तिन्हींवर या पदाची उपयुक्तता अवलंबून असते.