बोटीत संसार मांडण्याआधी

आपल्या मावळात समुद्र नाही, पण नौदल आहे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये 1945 सालापासून नौदलाच्या माणसांना इंजिनांचं शिक्षण मिळतं. साहजिकच या भागात निवृत्त नौसैनिकांची घरं पुष्कळ. जन्म सगळा समुद्रावर काढून ही मंडळी डोंगरात येतात, बंगली बांधतात, दारात आंबा लावतात आणि मग कधीतरी त्यांना पुन्हा पाण्याची ओढ लागते.

आमच्या महिला मंडळातल्या एका वहिनींकडे अशीच ओढ घरी आली. "ताई, हे म्हणतात जुनी लाकडी गस्ती बोट शोधायची, आतून घरासारखी करायची आणि तिच्यातच राहायचं. फंडाचे पैसे तयार आहेत म्हणे." वहिनी हसत सांगत होत्या, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. फंडाचा पैसा म्हणजे म्हातारपणाची काठी. म्हणून म्हटलं, जरा माहिती तरी काढू.

हे खूळ एकट्या वहिनींच्या घरातलं नाही, मैत्रिणींनो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना झटपट गस्ती बोटी हव्या होत्या आणि पोलादाची टंचाई होती. म्हणून त्यांनी त्या लाकडाच्या बांधल्या. फेअरमाइल जातीची लाँच 112 फुटी. तिचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत, अगदी फर्निचरच्या कारखान्यांतसुद्धा तयार व्हायचे आणि मग ते बोटींच्या कारखान्यात आणून जोडायचे. बंदर राखणारी लाँच त्याहून लहान, 72 फुटी. तिच्या अंगाला महॉगनीच्या फळ्यांचे दोन थर, एकमेकांवर तिरके बसवलेले. आपल्या तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडेही अशा लाँच होत्या आणि ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर त्यांनी लढाईत काम केलं.

युद्ध संपलं. इंग्लंडात बॉम्बनी घरं पडलेली, राहायला जागा नाही आणि नौदलाला या बोटी नकोशा. इंजिनं, तोफा काढून त्या स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी त्या खाड्यांच्या चिखलात उभ्या केल्या, खिडक्यांना पडदे लावले, चूल मांडली. ससेक्समधल्या शोरहॅमला नदीकाठी जुन्या नौदली बोटींची अशी वस्तीच झाली. हौस म्हणून नव्हे हो, डोक्यावर छप्पर हवं म्हणून!

पण गोम अशी, की त्या बोटी युद्धापुरत्या बांधलेल्या होत्या. पन्नास वर्षं टिकाव्यात हा कोणाचा हेतूच नव्हता. याउलट आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी 1817 साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. तेही लाकूड आणि हेही लाकूडच. तेव्हा "लाकडी आहे, मजबूत असणार" एवढ्यावर भुलू नये. कुठलं लाकूड आणि कशासाठी बांधलेली, हे आधी विचारावं. 1943 ची 'मेड्युसा' नावाची 72 फुटी लाँच आजवर राहिली ती स्वयंसेवकांच्या एका न्यासाने सांभाळली म्हणून, आणि तिच्या मोठ्या दुरुस्तीला ब्रिटनच्या लॉटरी निधीतून अनुदान घ्यावं लागलं. एका कुटुंबाच्या फंडात हे कसं बसायचं?

पेनेलोपी फिट्झजेराल्ड ही इंग्रज लेखिका 1960 च्या सुमारास नवरा आणि तीन मुलांसह लंडनला थेम्सवरच्या एका जुन्या मालवाहू बोटीत राहत होती. घरात पैशांची ओढाताण, बोटीचं भाडं कमी, म्हणून. बोट गळकी. 1963 साली ती बुडाली, घरचं सामान आणि कागदपत्रं घेऊन बुडाली. त्या कुटुंबाला काही काळ बेघरांच्या निवाऱ्यात काढावा लागला. पुढे साठीच्या उंबरठ्यावर तिने पुस्तकं लिहायला घेतली आणि बोटीत राहणाऱ्या माणसांवरच्या कादंबरीला 1979 चं बुकर पारितोषिक मिळालं. त्या कादंबरीतही एकजण नौदलाची जुनी सुरुंग काढणारी बोट घेऊन तिच्यात राहतो. लोक पारितोषिकाचं कौतुक करतात. मला मात्र त्या बुडालेल्या सामानात मुलांचे कपडे किती असतील, हेच आठवत राहतं.

आता कोणी म्हणेल, बायकांना पाण्याची भीतीच फार. मुळीच नाही! आपल्या नौदलाच्या सहाजणी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून सप्टेंबर 2017 मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. साधारण 55 फुटांत सहाजणींचा संसार. ती बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली. पण ती नवी होती, आणि मागे नौदल उभं होतं. जुनी बोट आणि मागे फक्त आपण, ही गोष्ट निराळी.

तरीही घ्यायचीच असेल तर? पहिलं म्हणजे आपल्याकडे लाकडी गस्ती बोट सापडणं मुश्कील. आताच्या गस्ती नौका पोलादाच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर किनाऱ्यावर गस्त सुरू झाली तेव्हा मच्छीमारांचे ट्रॉलर भाड्याने घेऊन त्यांतून गस्त घातली जायची. तेव्हा आपल्याला जवळची म्हणजे कोकणातली जुनी लाकडी मासेमारी बोट. केरळात भाताची वाहतूक करणाऱ्या बोटींची घरं झालीच की. त्यांच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याने शिवतात आणि वर काजूच्या टरफलांचं तेल देतात.

बघायला जाताना नवऱ्याबरोबर आपणही जावं. माठ घेताना टिचकी मारून बघतो ना? तसंच लाकडी हातोडीने फळ्या ठोकून बघायच्या. बद्द आवाज आला की आत कुजकी. संशय आला तिथे दाभण टोचावं, सहज शिरलं तर समजावं. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग दिसले तर गंज फळीत उतरलाय. तळात पाणी किती साठतं आणि पंप दिवसातून किती वेळा लावावा लागतो, हे विचारावंच. बोट बरेच दिवस सुकीवर असेल तर फळ्या आकसून फटी पडतात. कोरड्या पडलेल्या लाकडी बादलीसारखंच ते, पाण्यात फुगल्याशिवाय कळत नाही.

आणि स्वयंपाकघर! सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दार उघडून निघून जातो, बोटीत तो खाली उतरून तळाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर आत ठेवायचाच नाही, वर उघड्यावर ठेवायचा. वर आणखी एक मजला चढवण्याचा मोहही टाळावा, बोट डोक्याने जड होते आणि कलंडते.

वहिनींचे यजमान म्हणाले, बोट आपण पवना धरणाच्या पाण्यात ठेवू. (72 फुटांची बोट बोरघाटातून वर आणायची कशी, हे त्यांनी सांगितलं नाही.) गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा नसतो, हे खरं. पण लाकूड कुजतं ते मुख्यतः पावसाच्या गोड्या पाण्याने, डेकच्या फटींतून झिरपलेल्या. आणि पाऊस तर आपल्याकडे केवढा! शिवाय मे महिन्यात धरण आटलं की घर चिखलात. धरण पिण्याच्या पाण्याचं, सरकारी. परवानगी आधी काढावी लागणार, नोंदणीही करावी लागणार.

म्हणून वहिनींना एवढंच सांगितलं, की पैसे देण्याआधी एकदा कोकणात जाऊन बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पाण्याखाली लपलेला तळ तेव्हाच उघडा दिसतो. पर्समध्ये दाभण घेऊन जा, आणि दरवर्षी बोट वर ओढून रंग-डागडुजीला किती खर्च येतो, ते मालकाला नाही, त्याच्या बायकोला विचारा.