कुळ, रूप आणि काम : बर्मिंगहॅमचं वार्तापत्र

मार्च उजाडला की बर्मिंगहॅम विमानतळाशेजारच्या एनईसी प्रदर्शन-संकुलाकडे निघालेल्या प्रत्येक गाडीत एक तरी कुत्रा असतोच. ‘क्रफ्ट्स’ हे जगातलं सर्वांत नावाजलेलं श्वानप्रदर्शन चार दिवस इथं भरतं. 18 हजारांहून अधिक कुत्रे येतात आणि त्यांनाही आधीच्या स्पर्धांमधून पात्र व्हावं लागतं. संध्याकाळी घराघरांत चॅनल फोरवर अंतिम फेऱ्या पाहिल्या जातात. सर्वोत्कृष्ट ठरलेल्या कुत्र्याचं रोख बक्षीस मात्र शे-दोनशे पौंडांच्या घरातलं. सगळी ओढ मानाची!

या वेडाची सुरुवात व्यापारातून आणि शिकारीतून झाली. 1859 साली न्यूकॅसलच्या कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांची स्पर्धा झाली. बक्षीस होतं बंदूक. 1873 मध्ये वंशावळींची नोंद ठेवणारा केनेल क्लब स्थापन झाला. चार्ल्स क्रफ्ट हा स्प्रॅट कंपनीची कुत्र्यांची बिस्किटं विकणारा माणूस. त्यानं 1891 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये स्वतःच्या नावानं प्रदर्शन भरवलं. त्याच्या पश्चात ते केनेल क्लबकडे आलं आणि 1991 पासून बर्मिंगहॅमला भरू लागलं.

रिंगणाजवळ उभं राहिलं की आपल्याकडच्या बैलबाजाराची आठवण होते. परीक्षक आधी लांबून उभेपण पाहतो, मग जबडा उघडून दात बघतो, खांद्यावरून, पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवतो आणि शेवटी चाल पाहण्यासाठी पळवून आणायला सांगतो. मालकाच्या दंडावर क्रमांकाची पट्टी आणि खिशात उकडलेल्या लिव्हरचे तुकडे. कुत्र्याची नजर त्या खिशावरून हलत नाही, म्हणून मान ताठ राहते. फेरी संपली की कुत्र्यानं आपल्या क्रमांकाच्या बाकावर बसायचं, हा इथला नियम. येणारे-जाणारे तिथं थांबतात, चौकशी करतात. शेजाऱ्याशी हवामानापलीकडे न बोलणारा इंग्रज या बाकापाशी अर्धा तास सहज बोलतो, तेही कुत्र्याच्या आजी-पणजीबद्दल.

या कुळाभिमानाची किंमत कुत्र्यांनी मोजली. 2008 मध्ये बीबीसीनं ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखवला. जवळच्या नात्यात पैदास करून आणि ठरावीक रूपाचा हट्ट धरून काही जातींचं काय झालं, ते लोकांनी पाहिलं. मेंदूला कवटी अपुरी पडून कॅव्हेलियर स्पॅनियल वेदनेनं कण्हत होते. गदारोळ उठला. पुढच्या वर्षी बीबीसीनं क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच केलं नाही. केनेल क्लबनं आई-मुलगा, भाऊ-बहीण अशा संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंदणी थांबवली. 2012 मध्ये तर आपापल्या जातीत पहिले आलेले बुलडॉग, पेकिंगीज यांच्यासह सहा जातींचे विजेते पशुवैद्यकीय तपासणीत नापास होऊन पुढच्या फेरीतून बाद झाले.

पण खरा जल्लोष असतो तो दुसऱ्याच रिंगणात. 1978 च्या क्रफ्ट्समध्ये मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं म्हणून घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून कुत्र्यांचा एक खेळ बसवला गेला. तोच आज जगभर ‘अ‍ॅजिलिटी’ म्हणून खेळला जातो. उड्या, बोगदा, सी-सॉ आणि ओळीनं रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी धाव. पहिल्या काठीत शिरताना काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी हवी, सी-सॉवरून उतरताना रंगवलेल्या पट्ट्यावर पाय टेकायलाच हवा. चुकलं की दंडाचे गुण. मालकाला मार्ग आधी एकट्यानं चालून पाठ करावा लागतो. म्हणून स्पर्धेआधी माणसं हातवारे करत, अदृश्य कुत्र्याला हाका मारत रिंगणात फिरताना दिसतात. फ्लायबॉल ही चार कुत्र्यांची रिले. 51 फूट धावायचं, वाटेत चार अडथळे, टोकाच्या पेटीवर पाय मारून उडालेला चेंडू झेलायचा आणि परत. अडथळ्यांची उंची संघातल्या सर्वांत बुटक्या कुत्र्यावरून ठरते, त्यामुळे प्रत्येक संघ एखादा चपळ बुटका शोधत असतो. या खेळांत वंशावळ कुणी विचारत नाही. आश्रयगृहातून आणलेला संकरित कुत्राही इथं उतरतो आणि जिंकतो.

याहून जुनी आणि माझ्या मते याहून मोलाची परंपरा मेंढपाळांची आहे. 1873 मध्ये, म्हणजे केनेल क्लबच्याच वर्षी, वेल्समधल्या बाला गावी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची पहिली गाजलेली स्पर्धा झाली. 1906 मध्ये मेंढपाळांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. तिच्या वहीत बॉर्डर कॉली या मेंढ्या वळणाऱ्या जातीची नोंद कामावर होत गेली. कान उभे की पडलेले, हा प्रश्नच नव्हता. नोंद नसलेल्या आईबापांचा कुत्राही कामात खरा उतरला तर गुणवत्तेवर वहीत घेण्याची सोय होती. केनेल क्लबनं ही जात मान्य केली 1976 मध्ये, तोवर ती जगभर पोहोचली होती.

हे नाशिकच्या वाचकांना कळवण्याचं कारण आहे. तिथल्या कॉलेज रोडला एप्रिलच्या उन्हात धापा टाकणारा हस्की मी पाहिलेला आहे. उलट आपल्याच मराठवाड्यात धनगरांनी आणि शिकाऱ्यांनी वाढवलेला कारवानी कुत्रा आहे. राज्याच्या सीमेपलीकडे मुधोळला घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला त्याचाच भाऊबंद आहे, ज्याच्यावर 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं. ही कुत्री सशामागे धावून तयार झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली, ते योग्यच झालं; पण त्यांचं कामही गेलं. आता केवळ रूपावर त्यांची पारख सुरू झाली, तर ब्रिटनमधल्या चुका आपण नव्यानं करू.

ब्रिटनमध्येही 2005 पासून कुत्र्यांकरवी सशाची शिकार बंद आहे. तरी सडपातळ, वेगवान कुत्र्यांसाठी इथं मोटरवर गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तिच्यामागे पळवण्याचा खेळ चालतो. मैदान, चार-सहा कप्प्या, दोरी आणि मोटर एवढंच भांडवल. आपल्याकडच्या एखाद्या श्वानप्रदर्शनात हिवाळ्यातल्या पहाटे कारवानीसाठी अशी एक धाव ठेवा, शेजारी बांबू रोवून गल्लीतल्या कुत्र्यांसाठी अ‍ॅजिलिटी ठेवा आणि पहिल्या आलेल्याचं नाव वहीत लिहा. वंशावळीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.