रेखांशाचे पारितोषिक

देशाच्या संरक्षणास उपयोगी पडणारे संशोधन करणाऱ्यास सरकारने बक्षीस द्यावे, ही कल्पना आजची नव्हे. आपल्याकडे संरक्षण खात्याने २०१८ साली ‘आयडेक्स’ ही योजना काढली. सैन्यदलांच्या अडचणी तीत जाहीर होतात आणि त्यांवर तोड काढणाऱ्या नव्या उद्योगांना अनुदान मिळते. असल्या बक्षिसाचे एक जुने व बोधप्रद उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे.

१७०७ साली जिब्राल्टरहून परतणारे ब्रिटिश आरमार सिली बेटांच्या खडकांवर आदळले. चार जहाजे बुडाली. सेनापती शोव्हेल यांच्यासह हजाराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आपण नेमके कोठे आहोत, हेच त्यांना उमगले नव्हते. पुढे १७१४ साली पार्लमेंटने कायदा केला : समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक काढण्याची व्यवहार्य रीत जो दाखवील, त्यास २०,००० पौंड.

यात अवघड ते काय? अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळतो. रेखांशास मात्र वेळ कळावी लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे लागतात. जहाजावर माध्यान्ह झाली त्या क्षणी आपल्या बंदरात किती वाजले हे ठाऊक असेल, तर त्या फरकावरून रेखांश निघतो. परंतु डोलत्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही. उष्णतेने धातू वाढतो, थंडीने आक्रसतो. सहा आठवड्यांच्या सफरीत एकूण चूक २ मिनिटांच्या आत, म्हणजे दिवसाला ३ सेकंदांहूनही कमी ठेवावयाची होती.

हे काम जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने अंगावर घेतले. त्याचे पहिले घड्याळ १७३५ साली झाले. चौथे, तळहाताहून थोडे मोठे, १७५९ साली. १७६४ साली बार्बाडोसच्या सफरीत ४७ दिवसांनंतर त्याची चूक केवळ ३९ सेकंद भरली. अट पुरी झाली होती.

तथापि बक्षीस मिळाले नाही. परीक्षक मंडळाने १७६५ साली ठरविले की, यंत्राची रचना उघड केल्यावर निम्मी रक्कम द्यावी, आणि तशी आणखी घड्याळे बनल्यावर उरलेली. मंडळाची शंका अगदीच निराधार नव्हती. एकाच कारागिराला साधणारी वस्तू साऱ्या आरमाराला कशी पुरणार? पण ही अट आधी स्पष्ट सांगितलेली नव्हती. शिवाय चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी रीतीचे पुरस्कर्ते मॅस्केलिन त्याच वर्षी राजज्योतिषी होऊन मंडळात आले. अखेर हॅरिसनने राजाकडे दाद मागितली. १७७३ साली पार्लमेंटने त्यास ८,७५० पौंड दिले, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. तीनच वर्षांनी तो वारला. इकडे त्याच्या घड्याळाची केंडॉलने केलेली नक्कल कॅप्टन कुकच्या १७७२ ते १७७५ च्या सफरीत उत्तम चालली होती.

याउलट अमेरिकेच्या ‘दार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेचे उदाहरण पाहा. वाळवंटातून चालकावाचून मोटार नेणाऱ्यास तिने २००४ साली १० लाख डॉलर जाहीर केले. सुमारे २३० किलोमीटरांपैकी १२ किलोमीटरही कोणाची गाडी गेली नाही. बक्षीस कोणासच मिळाले नाही. संस्थेने अट सैल केली नाही, उलट रक्कम दुप्पट केली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरांची वाट पुरी केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली.

दोन्ही ठिकाणी पैशाने बुद्धीला आवाहन केले व बुद्धीने उत्तर दिले. फरक पडला तो देणाऱ्याच्या वागणुकीत. अट आधी स्पष्ट सांगावी, कसोटी सर्वांसमक्ष घ्यावी, परीक्षकाचा स्वतःचा घोडा शर्यतीत नसावा आणि अट पुरी होताच हात आखडू नये. बक्षीस सरकारचे असो वा एखाद्या लहानशा संस्थेचे, ते घेणाऱ्याची जशी परीक्षा असते, तशीच देणाऱ्याचीही असते.