कुल्फीच्या डब्याशेजारचं हस्तलिखित

नाणेघाट म्हणजे ट्रेक, धबधबे आणि रील्स. वैशाखऱ्याशी आमचं नातं एवढंच. कल्याणहून एसटी पकडायची, टोकावडं मागे पडलं की सॅक सावरायची, उतरायचं आणि चढायला लागायचं. जुलैतल्या त्या रविवारी मात्र आम्ही चौघं उतरलो ते खालीच थांबलो. मैत्रिणीच्या मामाचा निरोप होता: माकडांनी वाचनालयाची कौलं सरकवलीत, रात्रभर पाऊस आत आलाय, पोरं असतील तर घेऊन ये.

वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं, एक लांब टेबल. आत शिरताच ओल्या पुठ्ठ्याचा वास. आमच्यातल्या एकाने पहिलंच पुस्तक उचललं आणि सवयीने उघडलं. अर्धं पान हातात! धडा तिथेच मिळाला. चिंब भिजलेलं पुस्तक उघडायचं नसतं. ते मिटलेलंच, दोन्ही हातांवर तोलून उचलायचं. गच्च भरलेल्या रांगेतून खेचायचंही नाही, कारण कागद पाणी पिऊन फुगलेला असतो आणि ओढलं की बांधणी उसवते.

बाकीचं मी एसटीत फोनवर वाचून आले होते. बुरशी यायला साधारण 48 तास पुरतात. कडक उन्हात ठेवलं तर पानं वेडीवाकडी होतात (ऊन होतंच कुठे म्हणा). ओलसर पुस्तकं पानं फाकवून उभी करायची. जास्त ओल्यांमध्ये थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद सरकवायचा आणि तो भिजला की बदलायचा. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते, त्यामुळे तुमच्या हातातलं हे पान त्या कामाचं नाही. पातळ पुस्तिका नायलॉनच्या दोरीवर. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून. आणि गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तकं सगळ्यात आधी, कारण ती पानं तशीच वाळली तर एकमेकांना कायमची चिकटतात.

इथेच आमचं वाजलं. मी जुन्या, पिवळ्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे धावले. रोज तिथे अभ्यासाला येणारी एक मुलगी म्हणाली, ‘‘ताई, ते कपाट वर्षभर कोणी उघडलेलं नाही. पोलीस भरतीची पुस्तकं घ्या ना आधी.’’ राग आला. मग देवघेवीच्या रजिस्टरवर नजर गेली. तिचंच खरं होतं. पानामागून पान भरतीची, तलाठी परीक्षेची, अंकगणिताची पुस्तकं. ती काय, पुन्हा विकत मिळतात, असं मी म्हटलं. ‘‘कोणाच्या पैशाने?’’ तिने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. भरतीची पुस्तकं आधी बाहेर आली.

पाण्यापुढे मोठी ग्रंथालयंही अशीच हतबल होतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पुराचं पाणी शिरलं. त्याच्या कितीतरी आधी, 4 नोव्हेंबर 1966 ला इटलीत आर्नो नदी फ्लॉरेन्स शहरात घुसली. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. ठिकठिकाणहून आलेल्या, आपल्याच वयाच्या मुलामुलींनी रांगा लावून ती हातोहात बाहेर काढली. लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. आमच्यात देवदूत कोणी दिसत नव्हता. सगळे शिंकत होते.

तीनच्या सुमाराला तळाच्या कप्प्यात एक गठ्ठा सापडला. शाळेतल्या मुलांची जुनी हस्तलिखितं. शाईपेनाने लिहिलेली, कडा निळ्या ओघळलेल्या. यांची दुसरी प्रत कुठेच नाही. भरतीवाली मुलगी वाकून मुखपृष्ठावरची नावं लावत होती. मध्येच थांबली. ‘‘ही माझी आत्या.’’

ही शाई वाळेपर्यंत आणखी पसरली असती. अशा वेळी गोठवणं हा एक उपाय असतो. थंडीत बुरशी वाढत नाही, शाई पुढे सरकत नाही, आणि जाणकार माणूस मिळेपर्यंत सवड मिळते. पण गावात एवढा मोठा फ्रीजर कुठे? हायवेवरच्या हॉटेलात. मावशी आधी तयारच होईनात. ‘‘गटारी तोंडावर आलीय गं, इथे कोंबडीला जागा नाही.’’ मग मुलीने आत्याचं नाव सांगितलं. कुल्फीचा डबा सरकला, प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला गठ्ठा शेजारी बसला.

बाहेर आलो तर नाणेघाट पूर्ण ढगात. तिथल्या लेण्यात सातवाहनांनी कोरलेली ब्राह्मी अक्षरं सुमारे दोन हजार पावसाळे बघून बसलीत. ट्रेकला आम्ही त्यांच्यासमोर सेल्फी काढून पुढे जातो. आत्याच्या शाईला एकच रात्र पुरली होती.

परतीची एसटी मुरबाडला पोचली तोच फोन वाजला.

‘‘ताई, लाईट गेली.’’

‘‘मावशींना सांग, झाकण अजिबात उघडू नका.’’

‘‘सांगितलं. त्या म्हणतात, कुल्फीचं गिऱ्हाईक आलंय.’’